ग्रॅममागे १,८०० फॅरड: हा आकडा नेमका कशाचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. निकेल फोमवर (निकेलच्या स्पंजासारख्या जाळीवर) हायड्रोथर्मल पद्धतीने, म्हणजे बंद पात्रात तापवलेल्या द्रावणातून, निकेल कोबाल्टाइट या निकेल आणि कोबाल्टच्या ऑक्साइडाच्या नॅनोसुया वाढवल्या, पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात तीन इलेक्ट्रोडच्या मांडणीत मोजणी केली, ०.४५ व्होल्टच्या विभवपट्ट्यात (जेवढ्या मर्यादेत विभव वरखाली नेला तेवढ्यात) आणि ग्रॅममागे एक अँपिअर प्रवाहाला १,८०० फॅरड प्रतिग्रॅम इतकी धारिता, म्हणजे व्होल्टमागे प्रभार साठवण्याची क्षमता, मिळाली आणि चार्ज-डिस्चार्जच्या ५,००० आवर्तनांनंतर तिच्यापैकी ८७ टक्के शिल्लक राहिली. असे असताना बाजारातल्या सुपरकपॅसिटरमध्ये, म्हणजे झटपट चार्ज होणाऱ्या मोठ्या धारकात, अजूनही साधा सच्छिद्र कार्बनच का असतो, ऑक्साइडांचे घोडे नेमके कुठे पेंड खाते आणि पीएच.डी.च्या उरलेल्या दोन वर्षांत कोणत्या ऑक्साइडावर काम करावे, असे तुम्ही विचारले आहे. या प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत आणि सगळ्यांची सुरुवात तुमच्या आकड्यापासूनच करावी लागेल, कारण माझ्या मते तो आकडा फॅरडमध्ये लिहिण्याजोगा नाही.

आधी साधा गुणाकार करून पाहू. १,८०० ला ०.४५ ने गुणले की ग्रॅममागे ८१० कूलंब प्रभार मिळतो. निकेल कोबाल्टाइटचा सूत्रभार सुमारे २४०.६ आहे, म्हणजे प्रत्येक सूत्र-एककामागे एक इलेक्ट्रॉन देवाणघेवाणीत उतरला तर ग्रॅममागे ४०१ कूलंब मिळायला हवेत. तुमच्या ८१० कूलंबांचा अर्थ असा होतो की प्रत्येक सूत्र-एककातील एक निकेल आणि दोन कोबाल्ट अशा तीन अणूंमिळून दोन इलेक्ट्रॉन हलले. पन्नास नॅनोमीटर जाडीच्या सुईत पृष्ठभागालगतच्या अर्ध्या नॅनोमीटरच्या थरात तिच्या आकारमानाचा जेमतेम चार टक्के भाग असतो. तेव्हा ही अभिक्रिया पृष्ठभागावर थांबलेली नाही. ती सुईच्या गाभ्यापर्यंत गेली आहे, किंवा मग ग्रॅमचा हिशेब चुकला आहे. दुसऱ्या शक्यतेकडे पुढे येतो. पहिली खरी मानली तर तुम्ही केलेली वस्तू निकेल-कॅडमियम बॅटरीच्या धन पट्टीची नॅनो आकारातली चुलतबहीण आहे: तोच पोटॅशियम हायड्रॉक्साइड, तीच हायड्रॉक्साइड आणि ऑक्सिहायड्रॉक्साइड यांची ये-जा. तुमच्या सायक्लिक व्होल्टॅमेट्रीच्या, म्हणजे विभव ठरावीक वेगाने वरखाली नेऊन प्रवाह मोजण्याच्या, आलेखात दोन उंच शिखरे आणि डिस्चार्जच्या आलेखात एक सपाट पायरी नक्कीच दिसत असणार. शिवाय एक अँपिअरला ८१० कूलंब म्हणजे डिस्चार्जला साडेतेरा मिनिटे लागली, आणि सुपरकपॅसिटरकडून अपेक्षा सेकंदांची असते.

फॅरड या एककात एक गृहीतक दडलेले आहे. विभव एका ठरावीक प्रमाणात बदलला की साठलेला प्रभारही त्याच प्रमाणात बदलतो, मग तो बदल विभवपट्ट्याच्या कोणत्याही टोकाला असो, असे ते गृहीतक आहे. आयताकृती व्होल्टॅमोग्राम (सायक्लिक व्होल्टॅमेट्रीचा आलेख) आणि सरळ उतरती डिस्चार्ज रेषा ही त्याची खूण. जिथे बहुतेक सगळा प्रभार एका अरुंद विभवपट्टीत येतो आणि उरलेल्या पट्ट्यात काहीच घडत नाही, तिथे प्रभाराला विभवपट्ट्याने भागून जी संख्या मिळते तिला भौतिक अर्थ नसतो. पट्टा निम्मा घेतला की ती दुप्पट होते. थिएरी ब्रूस, दानिएल बेलांजे आणि जेफ्री लाँग यांनी २०१५ मध्ये याच मुद्द्यावर एक स्पष्ट लेख लिहिला आणि निकेल व कोबाल्टच्या अशा संयुगांना छद्मधारी, म्हणजे अभिक्रियेने प्रभार साठवूनही धारकासारखी वागणारी, म्हणू नये, त्यांची क्षमता कूलंबमध्ये किंवा मिलिअँपिअर-तासांत सांगावी, असा आग्रह धरला. तो आग्रह योग्यच आहे. तुमचे ८१० कूलंब म्हणजे ग्रॅममागे २२५ मिलिअँपिअर-तास, आणि बॅटरीच्या पदार्थासाठी हा आकडा चांगला आहे. फक्त त्याची तुलना कार्बनच्या फॅरडांशी होऊ शकत नाही.

मग छद्मधारिता खऱ्या अर्थाने कशात सापडते, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. कार्बनच्या पृष्ठभागावर द्रावणातील आयन रांगेने चिकटतात आणि विद्युत द्विस्तर तयार होतो. त्याची धारिता चौरस सेंटिमीटरला साधारण १० ते २० मायक्रोफॅरड असते. ग्रॅममागे हजार चौरस मीटर पृष्ठभाग असलेल्या कार्बनमध्ये वरच्या आकड्याने हिशेब केला तर २०० फॅरड येतात, आणि सगळी छिद्रे आयनांना खुली नसल्यामुळे प्रत्यक्षात १०० ते १५० हाती लागतात. जनरल इलेक्ट्रिकच्या बेकर यांनी १९५७ मध्ये सच्छिद्र कार्बनच्या अशा धारकाचे पेटंट मिळवले, आणि जपानच्या एनईसी कंपनीने १९७० च्या दशकाच्या अखेरीस सुपरकपॅसिटर हे नाव देऊन तो विकायला आणला. इथे कोणतीही रासायनिक अभिक्रिया होत नाही, म्हणूनच लाखो आवर्तने टिकतात. ऑक्साइडाने या कार्बनवर मात करायची असेल तर त्याला पृष्ठभागावरच्या द्विस्तरापेक्षा वेगळे काहीतरी द्यावे लागेल. दहा नॅनोमीटर व्यासाचे आणि ५ घनतेचे ऑक्साइडाचे कण घेतले तरी ग्रॅममागे फक्त १२० चौरस मीटर पृष्ठभाग मिळतो, आणि त्यावरचा द्विस्तर जास्तीत जास्त २४ फॅरड देतो. नॅनो आकारामुळे पृष्ठभाग वाढतो आणि म्हणून धारिता वाढते, हे जे वाक्य जवळजवळ प्रत्येक प्रबंधाच्या प्रस्तावनेत असते, ते ऑक्साइडांच्या बाबतीत त्यामुळेच अपुरे आहे.

१९७१ मध्ये इटलीत सेर्जिओ त्रासात्ती आणि जोव्हान्नी बुझ्झांका यांनी रुथेनियम डायऑक्साइडच्या थराचा व्होल्टॅमोग्राम काढला, तेव्हा तो धारकाच्या आलेखासारखा जवळपास आयताकृती निघाला. अभिक्रिया होत होती, रुथेनियमची संयुजा बदलत होती, पण ती एका विभवाला एकदम न बदलता संपूर्ण पट्ट्यात थोडी थोडी बदलत होती. कॅनडात ब्रायन कॉनवे यांनी या वर्तनाला शास्त्रीय बैठक दिली. १९९५ मध्ये झेंग आणि जो यांनी सजल, अस्फटिकी रुथेनियम ऑक्साइड १५० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून ग्रॅममागे ७२० फॅरड मिळवले. तापमान याहून वाढवले की पाणी निघून जाते, स्फटिक बनतात आणि धारिता कोसळते, हे त्या कामातले मला सर्वांत बोलके वाटणारे निरीक्षण आहे. ऑक्साइडाचे जाळे इलेक्ट्रॉन वाहून नेते आणि त्यात अडकलेले पाणी प्रोटॉन वाहून नेते; दोन्ही वाटा एकाच वेळी खुल्या हव्यात. तुम्ही भट्टीचे तापमान ठरवताना एक्स-किरण विवर्तनातली शिखरे किती टोकदार होतात याकडेच पाहत असाल, तर हा धडा आठवा: चांगला स्फटिक म्हणजे चांगला इलेक्ट्रोड नव्हे. रुथेनियम प्लॅटिनम गटातला दुर्मीळ धातू असल्यामुळे त्याचा वापर अवकाश आणि संरक्षण क्षेत्रातल्या खास धारकांपुरता राहिला.

स्वस्त पर्याय म्हणून मँगॅनीज डायऑक्साइड पुढे आला. १९९९ मध्ये ली आणि गुडइनफ यांनी पोटॅशियम क्लोराइडच्या साध्या, उदासीन द्रावणात अस्फटिकी मँगॅनीज डायऑक्साइडचे ग्रॅममागे सुमारे २०० फॅरड दाखवले. हे गुडइनफ म्हणजे लिथियम-आयन बॅटरीसाठी २०१९ चे नोबेल मिळवणारे जॉन गुडइनफच. मँगॅनीजच्या प्रत्येक अणूमागे एक इलेक्ट्रॉन धरला तर ग्रॅममागे १,११० कूलंब मिळायला हवेत, आणि ०.९ व्होल्टच्या पट्ट्यात २०० फॅरड म्हणजे १८० कूलंब. सहा अणूंपैकी एकच अणू कामाला आला, पाच नुसते बसून राहिले. २००४ मध्ये तूपँ, ब्रूस आणि बेलांजे यांनी याचे कारण प्रयोगाने दाखवले: अतिपातळ थरात धारिता १,४०० फॅरडच्या जवळ जाते, पण तोच पदार्थ जाड संमिश्र इलेक्ट्रोडमध्ये घातला की ती १५० च्या आसपास उतरते, कारण अभिक्रिया पृष्ठभागालगतच्या पातळ थरापुरतीच होते आणि मँगॅनीज डायऑक्साइड विजेचा फारच मंद वाहक आहे.

मँगॅनीज डायऑक्साइड हा एकच पदार्थ नाही, हेही इथे सांगायला हवे. अणूंची मांडणी बदलली की आयनांना शिरायला मिळणारे बोगदे बदलतात. बीटा प्रकारात बोगदा इतका अरुंद असतो की पाण्याने वेढलेला सोडियम किंवा पोटॅशियम आयन त्यात मावत नाही. अल्फा प्रकारातला बोगदा सुमारे ०.४६ नॅनोमीटरचा असतो. आणि डेल्टा प्रकारात, म्हणजे बर्नेसाइटमध्ये, बोगदेच नसतात, तर सुमारे ०.७ नॅनोमीटर अंतरावर एकावर एक थर असतात व त्यांच्यामध्ये पाणी आणि पोटॅशियम बसलेले असते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत देवराज आणि मुनिचंद्रय्या यांनी २००८ मध्ये हे प्रकार शेजारी शेजारी ठेवून मोजले, तेव्हा अल्फा आणि डेल्टा वर राहिले आणि बीटा तळाला. आपल्याकडे या पदार्थाचे मूळ खनिज हाताशी आहे. नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांत मँगॅनीजच्या खाणी आहेत, आणि भंडाऱ्यातल्या डोंगरी बुजुर्ग येथे मॉइल कंपनी विद्युत-अपघटनाने मँगॅनीज डायऑक्साइड तयार करते. तो प्रामुख्याने कोरड्या बॅटऱ्यांसाठी असतो आणि गॅमा प्रकारचा असतो, तेव्हा तो जसाच्या तसा धारकात घालून भागणार नाही. पण त्याच धातुकापासून परमँगनेटच्या वाटेने बर्नेसाइटपर्यंत जाता येते.

आता नॅनो आकाराचा खरा फायदा. घन पदार्थातून आयनाला आत शिरायला लागणारा वेळ हा अंतराचा वर्ग भागिले विसरण गुणांक, असा ढोबळ हिशेब आहे. विसरण गुणांक उदाहरणापुरता सेकंदाला दशलक्षांशाचा दशलक्षांश चौरस सेंटिमीटर धरला, तर एक मायक्रोमीटर जाड कणाच्या गाभ्यापर्यंत पोहोचायला दहा हजार सेकंद, म्हणजे पावणेतीन तास लागतात, आणि दहा नॅनोमीटरच्या कणात एक सेकंद पुरतो. अंतर शंभरपटीने कमी झाले की वेळ दहा हजारपटीने घटतो. बॅटरीसारख्या वागणाऱ्या पदार्थालाही नॅनो आकारात आणले की तो धारकासारखा वेगवान वाटू लागतो तो यामुळेच, आणि नेमका इथेच संशोधकांचा घोटाळा होतो. वेगवान बॅटरी ही बॅटरीच असते. ओळखण्याची सोपी कसोटी अशी की स्कॅनचा वेग, म्हणजे विभव बदलण्याचा वेग, दसपट वाढवला तर शिखराचा प्रवाह दसपट होतो की सुमारे तिप्पट, ते पाहावे. दसपट म्हणजे पृष्ठभागावरची प्रक्रिया, सुमारे तिप्पट म्हणजे विसरणाने बांधलेली. ही कसोटी सेकंदाला शंभर मिलिव्होल्टच्या आतच लावावी, कारण त्यापुढे द्रावणाचा रोध आलेख विकृत करतो आणि भलताच निष्कर्ष निघतो.

नॅनोरचनेची किंमतही मोजावी लागते. शेवंतीच्या फुलासारख्या रचना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या छायाचित्रात फार देखण्या दिसतात, आणि मीही उमेदवारीच्या काळात अशा छायाचित्रांवर भाळलेलो आहे. पण दोन पाकळ्यांमधली पोकळी द्रावणाने भरते, त्या द्रावणाचे वजन उपकरणात धरावे लागते आणि ते ऊर्जा साठवत नाही. कण जितके बारीक तितके त्यांचे आपसांतले सांधे जास्त, आणि प्रत्येक सांध्यावर रोध. पृष्ठभाग वाढला की विरघळण्याचा वेगही वाढतो. मँगॅनीजच्या बाबतीत हे डोळ्यांना दिसते: विभव फार वर नेला की द्रावणाला परमँगनेटची गुलाबी छटा येते, आणि फार खाली नेला की त्रिसंयुज मँगॅनीज फुटून द्विसंयुज मँगॅनीज निमूटपणे द्रावणात उतरतो.

पातळ थर घालण्याच्या पद्धतींवर महाराष्ट्रात बरेच काम झाले आहे. विशेषतः कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. सी. डी. लोखंडे यांच्या गटाने रासायनिक स्नान निक्षेपण (पट्टी द्रावणात ठेवून तिच्यावर थर बसवणे) आणि सिलार या पद्धती ऑक्साइडांच्या इलेक्ट्रोडसाठी वर्षानुवर्षे वापरल्या. सिलार ही मूळची फ्रान्सची. निकोलाऊ यांनी १९८५ च्या सुमारास ती मांडली. काचपट्टी किंवा स्टेनलेस स्टीलची पट्टी आधी धातूच्या क्षाराच्या द्रावणात, मग पाण्यात, मग अल्कलीत आणि पुन्हा पाण्यात बुडवायची, आणि हे शेकडो वेळा करायचे. चार चंचुपात्रांत आणि साध्या तापमानाला होणारी ही पद्धत आपल्या महाविद्यालयीन प्रयोगशाळांना परवडणारी ठरली, आणि पदार्थ चिकटवायला बंधक द्रव्य लागत नसल्यामुळे पदार्थाचे गुण थेट मोजता आले. पदार्थ समजून घेण्यासाठी ती उत्तमच आहे. उपकरणाचा अंदाज बांधण्यासाठी मात्र अशा थरांवर विसंबता येत नाही, आणि त्याचे कारण वजन.

५ घनतेचा, शंभर नॅनोमीटर जाडीचा सलग थर चौरस सेंटिमीटरला फक्त ०.०५ मिलिग्रॅम भरतो. सच्छिद्र आणि जाड थर धरला तरी अर्धा-एक मिलिग्रॅम. व्यापारी इलेक्ट्रोडवर चौरस सेंटिमीटरला दहा मिलिग्रॅमच्या आसपास पदार्थ असतो, कारण प्रवाह गोळा करणारी वीस मायक्रोमीटरची अॅल्युमिनियमची पत्रीच ५.४ मिलिग्रॅम भरते. अर्ध्या मिलिग्रॅमच्या थराखाली दहापट वजनाची पत्री असेल तर वरचा पदार्थ कितीही गुणी असला तरी उपकरणाला त्याचा उपयोग नाही. आणि थर जाड करायला जावे तर वर सांगितल्याप्रमाणे १,४०० चे १५० होतात. ऑक्साइडांचे घोडे इथे पेंड खाते. युरी गोगोत्सी आणि पात्रिस सिमाँ यांनी २०११ मध्ये हाच मुद्दा नेमकेपणाने मांडला होता, तरीही पातळ थरावरून किलोग्रॅमचे दावे करण्याची सवय गेलेली नाही.

तुमच्या बाबतीत वजनाचा आणखी एक सापळा आहे: निकेल फोम. नेहमीच्या फोमचे वजन चौरस सेंटिमीटरला सुमारे ३५ मिलिग्रॅम असते, आणि तुम्ही त्यावर एक मिलिग्रॅम पदार्थ वाढवता. ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे हायड्रोथर्मलच्या त्या बंद दाबपात्रात, १२० अंशांवर युरिया आणि क्षारांच्या द्रावणात फोम काही तास राहिला की त्याचे थोडे निकेल विरघळते. समजा एक मिलिग्रॅम पदार्थ चढला आणि ०.४ मिलिग्रॅम, म्हणजे फोमच्या एका टक्क्याहून किंचित जास्त, निकेल गेले. तराजू ०.६ मिलिग्रॅम वाढ दाखवेल, आणि प्रत्यक्षातले १,०८० फॅरड कागदावर १,८०० होतील. मी हे पुस्तकातून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी कोबाल्ट ऑक्साइडच्या थरासाठी आम्ही असाच एक भरघोस आकडा काढला, लेखाचा मसुदाही तयार झाला, आणि केवळ एका सहकाऱ्याने हट्ट धरला म्हणून थर आम्लात विरघळवून अणुशोषण वर्णपटमापनाने त्यातला कोबाल्ट मोजला. पदार्थ तराजूने सांगितल्यापेक्षा दुपटीहून अधिक निघाला. आकडा निम्म्याखाली आला, मसुदा बाजूला ठेवला, आणि तेव्हापासून आमच्याकडे फोमवरचे वजन फरकाने काढत नाहीत. पावसाळ्यात तर सजल ऑक्साइडे तराजूवर ठेवल्या ठेवल्या ओल धरतात आणि शेवटचा अंक स्थिर होत नाही, तो त्रास निराळाच.

फोमचा दुसरा दोष असा की तो स्वतःच अभिक्रिया करतो. अल्कलीत निकेलच्या पृष्ठभागावर हायड्रॉक्साइड बनते आणि ते तुमच्या पदार्थाच्या विभवपट्ट्यातच प्रभार देते-घेते. आम्लाने धुतलेल्या फोममध्ये हे अधिक जाणवते. पहिल्या काहीशे आवर्तनांत धारिता १०० वरून १२० टक्क्यांवर गेली आणि तुम्ही त्याला पदार्थाचे सक्रियण म्हटले असेल, तर त्यातला काही वाटा फोमच्या गंजण्याचा असू शकतो, हे गृहीत धरा. पट्ट्याच्या वरच्या टोकाला ऑक्सिजनचे बुडबुडे सुटू लागतात, तोही प्रवाह चार्जमध्ये मोजला जातो. चार्जला लागलेला वेळ डिस्चार्जच्या वेळेपेक्षा ठळकपणे जास्त असेल तर पट्टा खाली आणावा. तुम्ही पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडचा संदर्भ इलेक्ट्रोड वापरत असाल तर तो आजच बाजूला ठेवा. तीव्र अल्कलीत त्याचा विभव सरकतो आणि क्लोराइड झिरपते. तिथे मर्क्युरी-मर्क्युरिक ऑक्साइडच हवा.

आता उपकरणाचा हिशेब. तीन इलेक्ट्रोडच्या मांडणीतला आकडा हा एका इलेक्ट्रोडचा असतो. दोन सारखे इलेक्ट्रोड समोरासमोर ठेवले की धारिता निम्मी होते आणि वजन दुप्पट, म्हणजे दोन्ही इलेक्ट्रोडांच्या एकूण ग्रॅममागची धारिता एक चतुर्थांश उरते. बाजारात ३,००० फॅरड आणि २.७ व्होल्टचा कार्बनचा धारक मिळतो. त्याचे वजन साधारण अर्धा किलो आणि ऊर्जा सुमारे ३ वॉट-तास, म्हणजे किलोमागे ६ वॉट-तास, आणि उत्पादक दहा लाख आवर्तनांची ग्वाही देतात. भारतातही असे धारक बनू लागले आहेत. केरळमध्ये कण्णूर येथे केल्ट्रॉन या राज्य सरकारच्या कंपनीने इस्रोच्या तंत्रज्ञानावर २०२४ मध्ये उत्पादन सुरू केले. तुमच्या ५,००० आवर्तनांना ८७ टक्के ही कामगिरी या कसोटीवर उतरत नाही, ती बॅटरीच्या कसोटीवर उतरते. मँगॅनीज डायऑक्साइड धन बाजूला, कार्बन ऋण बाजूला आणि सोडियम सल्फेटचे द्रावण अशा असममित धारकात १.९ व्होल्ट मिळाले, तर सक्रिय पदार्थाच्या किलोमागे साधारण २० वॉट-तास येतात. त्यात पत्री, विभाजक, द्रावण आणि डबी यांचे वजन मिळवले की ते पुन्हा सहाच्या आसपास येऊन थांबतात. बरोबरी होते, तीही स्वस्त आणि न पेटणाऱ्या पाण्याच्या द्रावणात, आणि ही बरोबरी मला कमी वाटत नाही.

पुढे कोणत्या ऑक्साइडावर काम करावे, याचे माझे उत्तर एका हिशेबातून येते, आणि तो तुम्ही स्वतः करून पाहावा अशी इच्छा आहे. तुमचे निकेल कोबाल्टाइट धन बाजूला ठेवा आणि ऋण बाजूला कार्बन, ज्याचे १५० फॅरड एक व्होल्टच्या पट्ट्यात ग्रॅममागे १५० कूलंब देतात. दोन्ही बाजूंचा प्रभार सारखा असावाच लागतो, म्हणून एका ग्रॅम ऑक्साइडासमोर ५.४ ग्रॅम कार्बन ठेवावा लागेल. दीड व्होल्टला आणि उतार सरळ मानून ऊर्जा किलोमागे सुमारे २६ वॉट-तास येते. आता समजा तुमचे वजनच चुकले होते आणि ऑक्साइडाची क्षमता ८१० नसून निम्मी, ४०५ कूलंब आहे. कार्बन २.७ ग्रॅम पुरेल, आणि ऊर्जा येईल २३ वॉट-तासांच्या आसपास. धन पदार्थाची क्षमता निम्मी झाली, तरी उपकरणाची ऊर्जा फक्त चौदा टक्क्यांनी घटली. धन बाजूचा आकडा १,८०० वरून २,५०० करण्यासाठी जगभर जे श्रम खर्ची पडतात, ते उपकरणाला जवळजवळ पोहोचतच नाहीत, कारण वजनाचा मोठा भाग समोरच्या कार्बनने व्यापलेला असतो.

म्हणून माझी शिफारस ऋण बाजूची आहे. तिथे लोहाची ऑक्साइडे आणि ऑक्सिहायड्रॉक्साइडे स्वस्त आहेत, विषारी नाहीत आणि ऋण विभवाला काम करतात. त्यांची वाहकता कमी आहे आणि आवर्तनांत ती लवकर खचतात, पण प्रबंधाला लागणारा खरा प्रश्न तोच आहे. व्हॅनेडियम पेंटॉक्साइडच्या मागे लागू नये असे मला वाटते. पाण्यात ते विरघळते आणि हाताळायला घातक आहे. प्रयोगशाळेत लिथियमच्या सेंद्रिय द्रावणांसाठी आर्गॉनची पेटी (हवा आणि ओल बाहेर ठेवणारी, आर्गॉन वायूने भरलेली बंद पेटी) असेल तर नायोबियम पेंटॉक्साइड हा वेगळा आणि फार सुंदर विषय आहे. २०१३ मध्ये ऑगस्टिन, डन आणि सिमाँ यांच्या गटांनी दाखवले की त्याच्या एका स्फटिकरूपात लिथियम गाभ्यापर्यंत शिरूनही वेग पृष्ठभागावरच्या प्रक्रियेसारखा राहतो. पेटी नसेल तर तो मोह टाळा. लोहाचे ऑक्साइड घ्यायचे ठरले तर ते निकेल फोमवर न वाढवता कार्बनच्या कापडावर किंवा सक्रिय कार्बनच्या कणांवरच वाढवा आणि चौरस सेंटिमीटरला किमान पाच मिलिग्रॅमपर्यंत जा. त्या वजनाला ग्रॅममागे २०० फॅरड टिकले तरी ते पातळ थरावरच्या १,००० पेक्षा माझ्या दृष्टीने मोठे काम असेल.

मात्र नवे काम हाती घेण्यापूर्वी सध्याच्या कामाचे दोन प्रयोग पूर्ण करा. कोऱ्या फोमचा तुकडा ऑटोक्लेव्हमध्ये फक्त युरियाच्या द्रावणात, त्याच तापमानाला आणि तेवढाच वेळ ठेवा, त्याचे वजन किती घटले ते पाहा आणि मग त्याच पट्ट्यात त्याचा चार्ज-डिस्चार्ज घ्या. दुसरे, सुयांचा थर आम्लात विरघळवून कोबाल्ट मोजा, आणि निकेल कोबाल्टाइटचे वजन त्या कोबाल्टवरून काढा. निकेलवरून काढू नका, कारण फोमचे निकेलही आम्लात उतरलेले असेल. कोऱ्या फोमचा डिस्चार्ज आलेख ग्रॅमने न भागता, मिलिकूलंब प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये, तुमच्या मूळ आलेखाच्या शेजारी काढून मला पाठवा. त्यानंतर १,८०० मधले किती उरतात ते आपण बसून मोजू.